तट्टाचा पाचवा हिस्सा

आमच्या घराण्यात घोड्यावर फक्त नवरदेव बसतात. तेही जन्मात एकदाच, मंडपापासून मारुतीच्या देवळापर्यंत आणि परत. खाली उतरल्यावर घरचे त्याला पहिला प्रश्न विचारतात तो "लागलं तर नाही ना?" हा. माझ्या लग्नात मीही बसलो. घोडी भाड्याची होती, पांढरी म्हणून सांगितलेली आणि प्रत्यक्षात मळकी. मी तिला जड होतो की ती मला लहान होती, हे कुणी पाहिलं नव्हतं, कारण घोडी ठरवताना आमच्याकडे दोनच गोष्टी विचारतात : पांढरी आहे का आणि वेळेवर येईल का. देवळापाशी पोचल्यावर ती खाली बसली. मी तिच्यावर बसलेलो असतानाच बसली. फोटोग्राफरने तो फोटो अल्बममध्ये मोठा करून लावला आहे आणि सासरची मंडळी घरी आली की तेच पान आधी उघडतात.

घोड्यांशी आमचा संबंध इथे संपायला हरकत नव्हती. मी सिलतऱ्याच्या एका स्पंज आयर्नच्या कारखान्यात वजनकाट्यावर असतो. भरलेला ट्रक काट्यावर घ्यायचा, मग रिकामा घ्यायचा. भरल्यातून रिकामा वजा केला की माल. या एका वजाबाकीवर माझं घर चालतं. संध्याकाळी नाक शिंकरलं तर काळं निघतं, पण मला काम आवडतं. माणसं खोटं बोलतात, कागद खोटं बोलतो, काटाही कधीकधी बोलतो, पण काट्याला निदान तपासून घेता येतं.

राहायला आम्ही तात्यापाऱ्यात, शहरातल्या जुन्या मराठी वस्तीत. आजोबा विदर्भातून रेल्वेत आले आणि गाडी पुढे गेली तरी इथेच, छत्तीसगढात, राहिले. घरात मी आणि बायको मराठीत बोलतो, मुलगी हिंदीत उत्तर देते. तिला सगळं समजतं, विशेषतः जे तिला समजू नये म्हणून आम्ही हळू बोलतो ते.

ही मुलगी दहा वर्षांची असताना घोड्यांकडे वळली. त्याआधी आम्ही तिला कथ्थक, पोहणं आणि अबॅकस अशा तिन्ही ठिकाणी घालून पाहिलं होतं, आणि तिन्ही ठिकाणच्या शिक्षकांनी "बच्ची बहुत शांत है" असं म्हणत हळूच परत केलं होतं. बायकोचं ऑफिस शहराबाहेर वसवलेल्या नव्या राजधानीत आहे. त्या रस्त्याच्या कडेला एका मोठ्या आवारात घोडेस्वारी शिकवणारे एक सर आहेत. एका शनिवारी बायको मुलीला सोबत घेऊन ऑफिसात गेली होती. परतताना तिला तिथे गाडी थांबवावी लागली, कारण मुलगी शांत राहिली नाही.

सर सैन्यातून निवृत्त झालेले, साठीच्या पुढचे, वाळलेले गृहस्थ. माणसांशी कमी बोलत आणि घोड्यांशी बेताचं. मी फी विचारायला गेलो तर त्यांनी उत्तर दिलंच नाही. आधी ते मुलीचं माप घेत होते. तिला हात लांब करायला लावून त्यांनी रिकिबीचा, म्हणजे पाय अडकवायच्या कडीचा, पट्टा तिच्या हाताला लावला : बोटांच्या टोकापासून काखेपर्यंत पट्टा पुरला की रिकीब बरोबर. मग एका घोड्यावर बसवलं, चार पावलं मागे जाऊन पाहिलं, उतरवलं. दुसऱ्यावर बसवलं, उतरवलं. मी विचारलं की काय पाहताय, तर म्हणाले, पाय. पाय घोड्याच्या पोटाला बिलगून खाली यायला हवेत. मोठ्या घोड्यावर लहान मुलाचे पाय फाकतात आणि त्यांनी घोड्याला काही सांगता येत नाही. लहान घोड्यावर मोठ्याचे पाय खाली लोंबत राहतात आणि घोड्याला ते लागतच नाहीत. घोड्याची उंचीसुद्धा ते खांद्याच्या उंचवट्यापर्यंतच मोजत, डोकं धरत नसत. डोकं मोजमापात न धरण्याची ही पद्धत मला आमच्या कारखान्यातून चांगली ओळखीची होती.

शेवटी त्यांनी तिला एका तपकिरी तट्टावर बसवलं. बुटकं, गोल पोटाचं, कपाळावरची झुलपं डोळ्यांत आलेली. मुलीचे पाय त्याच्या पोटावर असे बसले की जणू मोजूनच केलेत. सर म्हणाले, "बस, यही." तट्टाचं नाव मी इथे लिहीत नाही. कुणाचंच लिहीत नाही, आणि त्याला वेगळा नियम लावायचं कारण नाही.

पुढची दोन वर्षं घरात तट्टाशिवाय दुसरा विषय नव्हता. त्याला आज शिंक आली. त्याने आज सरांच्या टोपीचा तुकडा खाल्ला. जी मुलगी तीन वर्गांतून शांत म्हणून परत आली होती ती जेवताना इतकी बोलू लागली की बायकोला सांगावं लागे, आधी घास गिळ. शाळा सुटली की रोज संध्याकाळी ती मैदानावर जाई. तिथे तिला ओरडताना मी कधी ऐकलं नाही. तट्टाच्या कानाशी काहीतरी पुटपुटायची आणि ते चालायला लागायचं. आम्ही घरी पाच वेळा हाक मारल्यावर ती उठते, हे मी तिथे कुणाला सांगितलं नाही.

मग ती वाढली. बारा वर्षांची मुलगी वाढणारच, पण ही जरा मन लावून वाढली. उंची बायकोकडून आली आहे. बायको माझ्यापेक्षा बोटभर उंच आहे आणि हे आम्ही दोघंही बोलत नाही. एका संध्याकाळी सरांनी मला कठड्याशी बोलावलं आणि म्हणाले, "देखिए." मुलगी तट्टावरून समोरून जात होती. तिचे पाय तट्टाच्या पोटाखाली आले होते आणि चालताना हलत होते. मला त्यात वाईट काही दिसलं नाही, पण मी ट्रकवाला माणूस.

"अब इसको बड़ा घोड़ा चाहिए," सर म्हणाले. मुलगी तोवर जवळ येऊन उभी होती. सरांनी तिलाही नियम सांगितला : स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. त्याच्यावर गेलं की घोड्याची पाठ दुखते, आणि तो चालत राहतो म्हणून कुणाला कळत नाही.

"इसका वज़न कितना है?" मुलीने विचारलं.

"होगा दो सौ के आसपास."

इथे माझ्यातला काटेवाला दुखावला. आसपास म्हणजे काय? आमच्याकडे आसपास म्हटलं की माणूस नोकरीतून जातो. मी म्हणालो, वजन मी करून आणतो. सर म्हणाले, गरज नाही, डोळ्यांना दिसतंय. मी म्हणालो, डोळ्यांवर माझा विश्वास नाही. मुलगी माझ्याकडे अशा कौतुकाने पाहत होती की मला त्या क्षणी तिच्यासाठी रेल्वेचं इंजिनसुद्धा तोलायला आवडलं असतं.

रविवारी आम्ही तट्टू टेम्पोत चढवलं. त्या टेम्पोला इकडे सगळे छोटा हाथी म्हणतात. छोट्या हत्तीत बसून तट्टू बीरगावातून सिलतऱ्याला निघालं, शेजारी मुलगी त्याची मान धरून उभी, आणि मी पुढे. रस्त्यातले लोक हात करत होते. तट्टाने या सगळ्याकडे दुर्लक्ष केलं. कारखान्याच्या काट्यावर छत्तीसगढी ऑपरेटर होता. त्याने खिडकीतून पाहून विचारलं, "एमा का माल हे, साहब?" कॉम्प्युटरला मालाचं नाव सांगितल्याशिवाय पावती निघत नाही. कोळसा, लोहखनिज, डोलोमाइट असं सगळं त्यात आहे, तट्टू नाही. आम्ही "इतर" केलं.

आधी तट्टासकट टेम्पो, मग तट्टू उतरवून रिकामा टेम्पो. वजाबाकी : दोनशे दहा किलो. पाचवा हिस्सा बेचाळीस. खोगीर सहाचं. राहिले छत्तीस. मुलगी त्या महिन्यात चाळीसची होती.

चार किलो जास्त. आमचा काटा दहा-दहा किलोंच्या टप्प्याने दाखवतो, आणि दोनदा तोललं की चूक दोनदा होऊ शकते; पाच-पाच मिळून दहा, त्याचा पाचवा हिस्सा दोन; म्हणजे त्या चारातले दोन किलो काट्याच्या मर्जीवर होते. हे मी मुलीला नीट समजावून सांगितलं. तिला असं काही समजावलं की ती ऐकते, हे माझं कायमचं समाधान. परतताना ती एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, गणित पटलं.

सरांनी मला दोन महिने दिले. म्हणाले, लगेच काढून घेऊ नका, तोवर ती हलकी कामं करेल, लगाम धरून त्याला चालवेल, फिरवेल. मग मोठा घोडा बघू.

या दोन महिन्यांत दोन तक्रारी आल्या. पहिली घरातून.

"पोट्टी वाळून राहिली," बायको म्हणाली. "डबा त रोज खाली येते. मंग अन्न जाते कुठं?"

मी म्हणालो, उंचीत जातं. वाढीच्या वयात असंच होतं.

"हव, तुमाले लय माहीत," बायको म्हणाली आणि दुसऱ्या दिवसापासून डब्यात एक पोळी वाढवली.

दुसरी तक्रार मैदानावरून आली. सर म्हणाले, तट्टू फुगतंय. पोटाला आवळतात तो पट्टा, तंग, त्याचं छिद्र बदलावं लागलं. चारा तोच, कामही तेच, मग हे कशाने? मी म्हणालो, हवामान असेल. सरांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर ते एरवी लंगड्या घोड्यासाठी राखून ठेवत.

भरल्यातून रिकामा वजा करून माल किती ते सांगण्याचा मला अठरा वर्षांचा अनुभव आहे. एका बाजूने माल कमी होतोय, दुसऱ्या बाजूला वाढतोय, मधे एक डबा ये-जा करतोय. आमच्या गेटवर असं झालं असतं तर चहा गार व्हायच्या आत मी माणूस पकडला असता.

मग एका संध्याकाळी सरांचा फोन आला. "घबराइए मत, लेकिन आ जाइए." या वाक्याचा पहिला भाग कुणीच ऐकत नाही. मी काटा तसाच सोडून निघालो. बीरगावात शिफ्ट सुटली होती, सायकली आणि माणसांनी रस्ता भरला होता, आणि मी हॉर्नवर हात ठेवून ज्यांना ज्यांना शिव्या दिल्या त्यांची या जागी माफी मागतो. डोळ्यांसमोर एकच चित्र होतं : मुलगी तट्टावरून पडली आहे.

ती तट्टावरून पडली नव्हती. ती तट्टाजवळ उभी राहून तंग आवळत होती आणि आवळता आवळता चक्कर येऊन खाली बसली. तट्टू जागचं हललं नव्हतं. मी पोचलो तेव्हा ती उलट्या बादलीवर बसून ग्लुकोजचं पाणी पीत होती. चेहरा पांढराफटक. शेजारी तट्टू काहीतरी चघळत होतं. सरांच्या हातात उघडा डबा होता. त्यात मेथीची भाजी जशीच्या तशी, आणि एक पोळी. बाकीच्या पोळ्या कुठे गेल्या ते तट्टाच्या तोंडात दिसत होतं. मेथी त्यालाही आवडत नव्हती. त्या बाबतीत ते माझ्या मुलीवर गेलं होतं.

मी तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि विचारलं, "तू डबा खात नाहीस?"

"सुबह दूध पीती हूँ ना."

"काहून पण? काहून असं करतेस?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मलाच हे कळू नये याचं तिला नवल वाटलं असावं. "बाबा, मेरा कम होगा और उसका बढ़ेगा, तो हिस्सा बराबर हो जाएगा. अब बस थोड़ा ही बचा है."

हिशेब बरोबर होता. दोन्ही बाजूंनी बरोबर होता. एवढ्याशा पोरीने हे एकटीने काढलं होतं, आणि रोज दुपारी शाळेत सगळी पोरं जेवत असताना ती डबा बंद ठेवून बसत होती. कुणावर तरी ओरडणं गरजेचं होतं. तिच्यावर ओरडता येईना, सरांवर ओरडायचं धाडस नव्हतं. म्हणून मी तट्टावर ओरडलो.

"तुले समजत नाही का? लेकराचा डबा खाऊन राहिला!"

तट्टाने चघळणं थांबवलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा सुरू केलं. मुलगी म्हणाली, "उसको मत डाँटो बाबा, उसको क्या पता," आणि रडायला लागली. मग मीही रडलो. सर डबा घेऊन दुसरीकडे बघत उभे राहिले.

घरी मी बायकोला सगळं सांगितलं. तिने मधे एकदाही टोकलं नाही, हे चांगलं लक्षण नव्हतं. सांगून झाल्यावर तिने एकच विचारलं, "त्याले काट्यावर कोण घेऊन गेलं होतं?" तिने बाथरूममधला वजनाचा काटा उचलून माळ्यावर टाकला आणि म्हणाली, "घोडं बदलता येते. पोट्टी बदलून आणता येत नाही."

डॉक्टरांनी तपासलं, अंगात रक्त कमी आहे म्हणाले, औषध दिलं आणि खा म्हणाले. मुलगी सांगितलं तेवढं खायची, पण औषध घ्यावं तशी. पुढ्यात पोळी ठेवली की तिच्याकडे बघत बसायची. मैदानावर जाणंच बंद केलं. आम्ही म्हटलं, मोठा घोडा बघू, तर म्हणाली, नको. घर पुन्हा शांत झालं. शांत है म्हणून तिला परत करणाऱ्या त्या शिक्षकांचा मला आता नव्याने राग आला.

एका संध्याकाळी बायको भाजी निवडत होती आणि मुलगी तिच्याजवळ बसून होती. अचानक तिने विचारलं, "आई, मैं ही क्यों बढ़ रही हूँ? वो तो नहीं बढ़ता." रागाने विचारलं होतं. वर्गात ती सगळ्यांत उंच झाली होती, पहिल्या बाकावरून तिला शेवटच्या बाकावर नेलं होतं, आणि आता तट्टूही गेलं होतं. स्वतःच्या हाडांवरच तिचा राग होता. मी दारात उभा होतो.

बायकोने भाजी बाजूला केली. "मी तुयाएवढी होती तेव्हा कुबड काढून चालत होती. वर्गात पोट्ट्यांपेक्षा उंच. वाटे, सरळ चालली त कोणी लग्नच करणार नाही मायाशी."

"फिर?"

"फिर काय. मान दुखे, म्हणून सरळ चालाले लागली. मंग हे भेटले." तिने माझ्याकडे हात केला. मुलीने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. ते काम लवकर आटोपलं. ती हसली नाही, पण त्या रात्रीच्या जेवणात तिने न सांगता अर्धी पोळी जास्त घेतली. बायकोने मला डोळ्यांनी दटावलं की बघू नकोस, आणि मी वरणात बघत राहिलो.

मी सरांकडे गेलो. खरं सांगायचं तर मी विनंती करायला गेलो होतो. म्हटलं, तिला आठवड्यातून एकदा, दहाच मिनिटं, त्याच तट्टावर बसू द्या. चार किलोंनी काय बिघडतं? जन्मभर दहा किलोंसाठी ट्रकवाल्यांशी भांडलेला मी हे बोलत होतो.

सर घोड्याचे खूर साफ करत होते. वर न बघता म्हणाले, "वो बोलेगा नहीं, भाई साहब. इसीलिए नियम है." दुसरा खूर हातात घेत म्हणाले, "बच्ची भी तो नहीं बोली." मग उठून हात धुतले. "रविवार को लाइए. तीनों आइए."

तिला न्यायला बायकोनेच पुढाकार घेतला. तिने मुलीला सांगितलं की मला घोडे बघायचे आहेत, तू नको बघूस. मुलगी आली, आणि गाडीतून उतरताच तिची नजर तट्टाच्या तबेल्याकडे गेली. ती तिकडे गेली नाही. कठड्याच्या लांबच्या बाजूने वळसा घालून मैदानात आली.

सरांनी आधी एक काळा, उंच घोडा आणला. पूर्वी शर्यतीत धावलेला, पातळ पायांचा. मुलीला बसवलं. पाय ठीक आले, पण घोड्याची कातडी थरथरत होती आणि मुलगीही श्वास धरून बसली होती. "दोनों डर रहे हैं," सर म्हणाले आणि उतरवलं. माप बरोबर आलं म्हणजे जोडी जमली असं नाही, हे मला तिथे कळलं. काट्यावर अशी अडचण येत नाही.

मग आणली एक करडी घोडी. वयस्क, रुंद पाठीची, डोळे अर्धे मिटलेले. बायको म्हणाली, "ही खाते-पिते वाटते मले." सरांनी मुलीला चढवलं, मागे गेले, पाहिलं. मीही पाहिलं. पाय पोटाच्या फुगवट्यावर येऊन तिथेच विसावले होते, टाच खाली, गुडघा खोगिराला टेकलेला. मुलीची पाठ आपोआप सरळ झाली होती. तट्टावर शेवटचे काही महिने ती वाकून बसत होती. ते मी तेव्हा पाहिलं नव्हतं, आता ही पाठ पाहिल्यावर कळलं.

घोडी चालली. सात-आठ पावलं गेली आणि थांबली. मुलीने टाच लावली, पुन्हा सात-आठ पावलं, पुन्हा थांबली. सर जरा अवघडले. तेवढ्यात रस्त्यावरून एका ट्रकने लांबलचक, सुरातला हॉर्न वाजवला. घोडीने डोळे उघडले, मान वाकवली आणि जागच्या जागी पाय आपटत नाचायला लागली.

"बारातवाली है," सर म्हणाले. "पंद्रह साल दूल्हे ढोए हैं. बाजे वालों के लिए रुकती है. आदत है, मैं छुड़ा दूँगा."

मुलगी वर बसून हसत होती. हसून हसून तिला लगाम धरवेना. "बाबा, ये तो नाच रही है! आई, देखो ना!" बायकोने पदराने डोळे पुसले आणि मला म्हणाली, धूळ लय आहे इथं. मला इतकं हलकं वाटलं की मी सरांना विचारलं, माझ्या जोगता एखादा घोडा आहे का तुमच्याकडे. सरांनी, मुलीला मापताना पाहिलं होतं तसंच, चार पावलं मागे जाऊन मला नीट पाहिलं. "आपके लिए, भाई साहब, ट्रक ही ठीक है."

घोडीचं थांबणं सुटायला बरेच दिवस लागले, पूर्ण सुटलं असंही नाही. मुलगी जेवू लागली. एका दिवसात नाही, पण डब्यातली मेथी सोडून बाकी सगळं संपू लागलं आणि ते कुणी संपवलं याची खात्री बायको सरांना फोन करून करत असे. ती पुन्हा वाढली. मैदानावर मात्र ती अजूनही वळसा घालूनच जाई. तट्टू दिसलं तर मान फिरवे. तट्टू तिला पाहून खिंकाळायचं, ते ऐकू आलं की ती घोडीच्या मानेवर ब्रश जोरात फिरवायची. हे मला खायच्या गोष्टीपेक्षा जास्त लागायचं, कारण याला औषध नव्हतं.

मग एक लहान मुलगी शिकायला आली. सहा-सात वर्षांची, दोन शेंड्या, जवळच्या वस्तीतली. सरांनी तिचा हात लांब करून पट्टा मोजला आणि तट्टू बाहेर काढलं. मग सगळ्यांसमोर माझ्या मुलीला हाक मारली आणि म्हणाले, हिला तू चढव. मी कठड्याशी होतो. मला सरांचा राग आला. मुलगी कितीतरी वेळ जागची हलली नाही. मग गेली.

तिने तट्टाच्या कपाळावरची झुलपं बाजूला केली. त्याने तिच्या खिशात नाक घातलं. खिसा रिकामा होता. तिने छोटीला उचलून वर बसवलं, रिकिबी वर घेतल्या, तंग तपासला, आणि चार पावलं मागे जाऊन तिचे पाय पाहिले. छोटीचे पाय पोटावर बरोबर बसले होते. छोटीनेही ते पाहिलं आणि मग समोर उभ्या असलेल्या या एवढ्या उंच मुलीकडे पाहिलं.

"दीदी, पहले ये आपका था?"

"हाँ."

"मैं भी बड़ी हो गई तो?"

माझ्या मुलीने लगाम तिच्या हातात दिला आणि तिची बोटं त्यावर नीट बसवली.

"तो हो जाना," ती म्हणाली. "रोना आएगा. पर हो जाना."

छोटी म्हणाली, "हव, दीदी."